मागाशिवायचं गाणं

कुडपणच्या शाहिरांचा आवाज एका रेकॉर्डवर आहे. ती रेकॉर्ड माझ्यामुळे निघाली असं पोलादपूर भागात अजून सांगतात. कुणी तोंडावर तसं म्हणालं की मी आजवर विषय बदलत आलो. आता वय झालं, आणि ज्यांना ऐकून वाईट वाटलं असतं ती माणसं राहिली नाहीत, म्हणून जे झालं ते लिहून ठेवतो.

माझं गाव पोलादपूरच्या खाली, सावित्रीच्या काठाला. वडील भातशेती करत. त्यांना सही येत नव्हती. मी महाडला एका नातलगांच्या पडवीत राहून मॅट्रिक झालो आणि पुढे मुंबईला नोकरी करत बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. त्या साली शिमग्याला शाहीरबुवांची मंडळी आमच्या गावात नाचायला आली होती. बुवांनी उभ्या उभ्या माझ्यावर दोन ओळी रचल्या. साता गावांत बी.ए. झालेला हा एकच, आता ह्याला म्हशीनं शिंग मारलं तर म्हशीनं इंग्रजीत माफी मागायची, असा काहीसा अर्थ होता. सगळं गाव हसलं. वडील हसता हसता डोळे पुसत होते. मला आयुष्यात मिळालेल्या मानांत तो मान मी अजून पहिला धरतो.

बुवांचा नाच म्हणजे जाखडी. मध्ये शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाला बसणार, भोवती पायात चाळ बांधलेली पोरं गोल फिरत नाचणार. असा नाच आमच्याकडे पुष्कळ मंडळींचा होता. बुवांचं वेगळेपण असं की गाणं सुरू करण्याआधी ते त्या गाण्याचा ‘माग’ सांगत. गाणं कुठे सुचलं, कुणावरून सुचलं, त्या दिवशी काय घडलं होतं, हे सगळं. कधी माग गाण्याच्या दुप्पट लांब व्हायचा. लोक त्यासाठीच यायचे. बुवांच्या मंडळीत दोन नियम कडक होते. एक, प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुरूचं नाव येणार, आणि गुरूला शब्द दिलेला असल्यामुळे ते नाव चेल्याला कधीही बदलता येणार नाही. दुसरा, माग सांगायचा तो ज्याने पहिल्यांदा सांगितला त्याच्या तोंडचा, जसाच्या तसा. त्यात आपल्या पदरचं घालायचं नाही.

पदवी झाल्यावर मला महाडच्या शाळेत नोकरी लागली. दोन-तीन वर्षं गेली असतील, तेव्हा कॉलेजातल्या माझ्या प्राध्यापकांचं पत्र आलं. त्यांनी मला शिकताना पुस्तकं दिली होती, परीक्षेच्या दिवसांत घरी जेवायला घातलं होतं. ते लोकगीतं जमवत होते. त्यांच्याकडे टेपरेकॉर्डर आला होता आणि एक रेकॉर्ड काढणारी मंडळी त्यांच्या ओळखीची होती. तुमच्या भागातला एखादा खरा गाणारा असेल तर यंत्र तुझ्याकडे पाठवतो, असं त्यांनी लिहिलं होतं. मी त्याच रविवारी कुडपणला निघालो.

कुडपण डोंगरावर आहे. तेव्हा वर जायला पायवाटच होती आणि चढून जाईस्तोवर सदरा पाठीला चिकटायचा. बुवा अंगणात घोंगडी पसरून बसले होते, गळ्याला मफलर गुंडाळलेली. माघ संपत आला होता, ऊन चांगलं होतं, तरी मफलर. मी यंत्राचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरात हाक मारली, “वैनी, चा टाक गो. गुरुजी आलंत. माजा आवाज पेटीत भरून न्यायला आलंत.”

आतून उत्तर आलं, “भरा, भरा. निदान घरात तरी शांतता व्हईल.”

वैनी म्हणजे बुवांच्या थोरल्या भावाची बायको. माहेर वरंधचं. तो भाऊ मुंबईला गिरणीत होता, तिकडेच वारला. बुवांची बायकोही लवकर गेलेली. घर एक, पण मधे कुडाची भिंत घालून चुली दोन केलेल्या. दोन्ही बाजूंची माणसं गेल्यावर दीर-भावजयीला एका चुलीवर जेवता येत नाही, गाव बोलतं. तरी चहा तिच्याच चुलीवरचा यायचा, गुळाचा, काळा. तिने पितळी माझ्यापुढे ठेवली आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली.

बुवा म्हणाले, “गुरुजी, येक अट हाय.”

“बोला.”

“माग घ्यायचा. नुसती गाणी नाय देनार.”

“घेऊ की बुवा.”

“असं घेऊ की नको. शब्द द्या. माज्या घशात काय झालंय ते डाक्तर बोलत नाय, पन मला समजतंय. येका गान्याचा माग मी खोटा सांगत आलोय. तीस वर्सं झाली. तो आता खरा सांगायचाय, चारचौघांत, आनि तुमच्या पेटीत. माजं तोंड बंद झाल्यावर कोन नाय म्हनायला नको.”

मी शब्द दिला. कोणतं गाणं ते मी विचारलं नाही. उंबऱ्याकडे पाहिलं तर वैनी आत गेली होती.

मार्चात चवदार तळ्यावर माणसांची मोठी गर्दी होते, गावात उतरायला जागा नसते, म्हणून आम्ही एप्रिलातला एक रविवार धरला. महाडला वीज होती, वर नव्हती, म्हणून गाणं शाळेच्या सभागृहात आणि दिवसाढवळ्या ठेवावं लागलं. यंत्र एस.टी.ने आलं होतं, मोठ्या सुटकेसएवढं. सोबत दोन टेपा आणि प्राध्यापकांची चिठ्ठी: टेप महाग आहे, एवढीच मिळाली, नीट जपून वापर. ही चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की घडीवर फाटली. ज्या माणसाचं मी अन्न खाल्लं होतं त्याची टेप वाया घालवायची नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मंडळी सकाळीच डोंगर उतरून पोलादपूरहून एस.टी.ने आली. सोबत वैनीही आली. ती कधी बुवांच्या कार्यक्रमाला जात नसे. बायकांच्या बाजूला, खिडकीशी बसली. गावातले लोक, शाळेतले शिक्षक, त्यांच्या घरची माणसं, दीड-दोनशे तरी असतील. मी उभा राहून सांगितलं की टाळ्या वाजवू नका, बोलू नका, खोकला आला तर बाहेर जा; पेटीत जाईल ते राहील, बाकी वाऱ्यावर.

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. “गुरुजी, हसायचं नाय, बोलायचं नाय, टाळी नाय. मंग मी गाऊ कुनाला? ह्या पेटीला? ही तर बायकोसारखी नुसती फिरत्ये, हूं की चूं करत नाय.”

लोक हसले, आणि मी घाईघाईने खटका दाबला. त्यामुळे रेकॉर्डच्या सुरुवातीला आजही ते हसू ऐकू येतं.

पहिला माग बोकडाचा होता. तरुणपणी पोलादपूरला दोन मंडळींचा सामना झाला, त्यात बुवांना बोकड बक्षीस मिळाला. घरी नेऊन बांधला तर त्याने सकाळपर्यंत बुवांची कवनांची वही खाल्ली. “तवापास्नं वही ठेवली नाय. सगळं पाठ. आनि बोकडाचं इचाराल तर शिमग्याला कापला. म्हंजे माजी कवनं फिरून माज्याच पोटात आली. इद्या वाया जात नाय, गुरुजी, हे लिवून घ्या.”

असं चाललं होतं. आवाज घोगरा होता, वरच्या पट्टीत फाटत होता, पण बुवा फाटलेल्या जागी थांबून हसत आणि लोकही हसत. मी मात्र टेपेकडे पाहत होतो. पहिली टेप संपली तेव्हा चारच गाणी झाली होती. मी चौदा गाण्यांची यादी करून आणली होती. राहिली दहा, आणि टेप एक.

तेव्हा मी ठरवलं. हे मी शांत डोक्याने ठरवलं, घाबरून नव्हे. पुस्तकात गाणी छापतात, गप्पा छापत नाहीत. मी जे शिकलो होतो त्यात ‘साहित्य’ म्हणजे गाणं होतं, माग म्हणजे त्याच्या आजूबाजूचं बोलणं. दुसरी टेप चढवल्यावर बुवा बोलायला लागले की मी यंत्र थांबवायचो आणि ढोलकीवर थाप पडली की सुरू करायचो. बुवांना ते दिसत नव्हतं. त्यांची पाठ अर्धी माझ्याकडे होती, आणि टेप फिरते की नाही हे पाहायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी माझ्या शब्दावर सगळं सोपवलं होतं.

सातवं गाणं धुक्याचं. त्या गाण्यावर बुवांचं नाव चालत होतं. आमच्या भागात लग्नात, भाताच्या लावणीत, गौरीपुढे, कुठेही बायका ते म्हणायच्या. बुवांनी पाणी मागितलं, प्याले, आणि बोलायला लागले. मी यंत्र थांबवलं.

“ह्या गान्याचा माग तुमी ऐकलाय. गुरं राखताना मला सुचलं, असं मी सांगत आलो. गुरं मी राखत व्हतो हे खरं. सुचलं ते मला नाय.”

बुवांनी पेला खाली ठेवला.

“माजा भाऊस गनपतीला आला नाय त्या साली. पत्र नाय, मानूस नाय. लोक बोलत व्हते की त्यानं मुंबईत दुसरं बिऱ्हाड केलं. माजी वैनी नाचनीच्या शेतात तन काढत व्हती आनि तोंडातल्या तोंडात म्हनत व्हती. मी बांधाच्या पल्याड व्हतो. ऐकलं आनि पाठ झालं. म्हनालो, वैनी, हे मी नाचात घेतो. ती म्हनाली, घे, पन माजं नाव काढू नको. नवरा नाय घरात, आनि भावजयीनं इरहाची गानी करायची, दिरानं ती चवाट्यावर गायची. लोक काय म्हनतील? मी नाव नाय काढलं. ते बरं केलं. पन मंग लोक मला शाहीर बोलायला लागले आनि मला ते ग्वाड लागलं. ते बरं नाय केलं. भाऊस गेला, माजी बायकू गेली, ज्यांना बोलायचं ते बोलून म्हातारे झाले. गुरूचं नाव मला गान्यात बदलता येत नाय. म्हनून तिचं नाव ह्या मागात ठेवतो. ह्याच्याफुडं जो कोन हे गाईल त्यानं हा माग सांगायचा.”

आणि त्यांनी वैनीचं नाव घेतलं. अमक्याची लेक, वरंधची, असं तिचं माहेरचं पुरं नाव, वडिलांसकट. सासरचं नाही.

मी सगळ्या लोकांसारखाच ऐकत बसलो होतो. माझा हात खटक्यावर होता आणि मी वैनीकडे पाहत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. ढोलकीवर थाप पडली, बुवांनी पहिली ओळ म्हटली, तेव्हा मला भान आलं आणि मी खटका दाबला.

टेपेवर गाणं दुसऱ्या ओळीपासून आहे.

कार्यक्रम संपल्यावर बुवा घामाने निथळत माझ्यापाशी आले. आवाज पार बसला होता. “गुरुजी, गावलं का सगळं?”

तोपर्यंत मी कुणाशी मोठं खोटं बोललो नव्हतो.

“हो बुवा. सगळं.”

“मंग आता घसा गेला तरी चालंल.”

वैनी मागे उभी होती, हातात भाकरीचं गाठोडं. ती यंत्राजवळ आली आणि झाकणावरून हात फिरवला, जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा. “ह्यात माजं नाव हाय?” तिने हळूच विचारलं.

मी म्हणालो, “आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी टेप लावून ऐकली. बोकड होता, हशा होता, चार माग होते, दहा गाणी होती. सहाव्या गाण्यानंतर खटक्याचा आवाज येत होता आणि मग एकदम धुक्याच्या गाण्याची दुसरी ओळ, ‘खालची वाट’. यंत्र अजून चार दिवस माझ्याकडे राहणार होतं. टेपेच्या शेवटी थोडी जागाही शिल्लक राहिली होती, कारण बुवांना शेवटची चार गाणी म्हणवली नव्हती. तेवढ्या जागेत तो माग दोनदा बसला असता. मी कुडपणला जाऊन सांगायचं, बुवांनी पुन्हा एकदा डोंगर उतरायचा, पाच मिनिटं बोलायचं. पण त्यासाठी आदल्या दिवशी खोटं बोललो हे आधी सांगावं लागलं असतं. सोमवारी वाटलं उद्या जाऊ. मंगळवारी पेपर तपासायचे होते. बुधवारी मी यंत्र गोणपाटात बांधलं आणि गुरुवारी एस.टी.त चढवलं.

बुवांना ज्येष्ठात मुंबईला नेलं. श्रावणात वारले. शेवटचे दोन महिने बोलताच येत नव्हतं. मी एकदा दवाखान्यात भेटायला गेलो, तर त्यांनी हाताने गोल फिरणारी टेप दाखवली, आणि भुवया उंचावून विचारलं. मी मान हलवली. ते समाधानाने डोळे मिटून पडले. हे लिहिताना मला अजून ते डोळे मिटणं दिसतं. सत्य सांगण्याची ती शेवटची वेळ होती असं म्हणणार नाही, कारण तेव्हा सांगून काय उपयोग होता. उपयोगाची वेळ तो सोमवार होता.

रेकॉर्ड पुढच्या वर्षी निघाली. सोबत प्राध्यापकांचं पत्र होतं. लोकांना गाण्यांपेक्षा मधल्या गोष्टी आवडल्या, बोकडाची गोष्ट ऐकून कंपनीतली माणसं पोट धरून हसली, असं त्यांनी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ: दुसऱ्या टेपेत तू गोष्टी का थांबवल्यास ते समजलं नाही, मला त्याच हव्या होत्या. ज्यांची टेप जपायला मी ते केलं, त्यांनीच हे विचारलं. मी त्या पत्राला उत्तर लिहिलं नाही, आणि आमचा पत्रव्यवहार हळूहळू बंद पडला. दोष माझाच.

गणपतीत मी रेकॉर्ड घेऊन कुडपणला गेलो. मुंबईहून आलेल्या एकाने बॅटरीवर चालणारा रेकॉर्डप्लेअर आणला होता. तोवर मंडळीत वाद पेटला होता. बुवांच्या जागी त्यांचा चेला शाहीर झाला होता, तिशीतला, आवाजाने चांगला. धुक्याच्या गाण्याचा कोणता माग सांगायचा हा प्रश्न होता. वैनीचं म्हणणं, बुवांनी महाडला सांगितला तो. चेल्याचं म्हणणं, बुवा आजारी होते, तापात काहीतरी बोलले. आणि बाईचं गाणं गातात असं समोरच्या मंडळीला समजलं तर सवाल-जवाबात ते आम्हाला लुगडी नेसवतील. दोन्ही बाजूंनी एकच ठरवलं होतं: गुरुजी रेकॉर्ड आणणार आहेत, त्यात असेल तो माग.

दुपारची वेळ होती. बाहेर धुकं आणि पाऊस, पडवीत पंचवीस-तीस माणसं. रेकॉर्ड फिरायला लागली आणि बुवांचा आवाज आला तेव्हा दोघा-तिघांनी दाराकडे पाहिलं, बुवा बाहेरून येत असल्यासारखं. बोकडाच्या गोष्टीला सगळे हसले आणि मधेच गप्प झाले. मग बाजू पालटली. एक गाणं झालं, दुसरं झालं. दुसऱ्याचा शेवटचा ठेका पडला आणि खट् असा आवाज आला.

मी अंगाचा गोळा करून बसलो होतो. माझ्या बाजूला वैनी भिंतीला टेकून बसलेली. खट् झालं आणि एक क्षण नुसती खरखर. त्या खरखरीत ती अगदी हळू, स्वतःशी म्हणाली,

‘धुक्या रे धुक्या, बाजूला सर…’

आणि रेकॉर्डवर बुवा म्हणाले,

‘खालची वाट मला दिसू दे घटकाभर.
नाचणी वाकली, वरी वाकली, वाकलं माझं अंग,
गणपती आले, गौरी आल्या, तू रे कुणासंग?’

गाणं संपलं. शेवटी गुरूचं नाव आलं. चेल्याने सुई उचलली.

“माग नाय,” तो म्हणाला.

मी उभा राहिलो. सगळं सांगितलं: टेप कमी पडली, मी यंत्र थांबवलं, बुवांना खोटं सांगितलं, वैनीला खोटं सांगितलं. आणि म्हणालो, “पण बुवा ते बोलले. मी माझ्या कानांनी ऐकलं. ताप नव्हता त्यांना. वैनीचं माहेरचं नाव घेतलं त्यांनी.”

चेला वाईट माणूस नव्हता. तो खाली बघून म्हणाला, “गुरुजी, तुमी शिकलेलं मानूस. महाडात तुमीच आमाला बोललात, पेटीत जाईल ते ऱ्हाईल, बाकी वाऱ्यावर. आता पेटीत नाय. तुमच्या तोंडचा माग आमाला चालत नाय. बुवांचाच नेम हाय.”

मी ढोलकीवाल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो महाडला बुवांच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

“मी ढोलकी ताणत व्हतो,” तो म्हणाला. “माजं ध्यान नव्हतं.”

नाचणाऱ्या पोरांपैकी कुणीच वर पाहिलं नाही. त्यांना समोरच्या मंडळीची भीती होती, आणि वैनीला रोज तोंड दाखवायचं होतं. एकजण उठून बैलांना गवत टाकायला गेला.

वैनी रडली नाही. मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हे तिला समजलं असावं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “गुरुजी,” ती म्हणाली, “पयली वळ सुटली ती बरी झाली. तेवडी माज्याकडं ऱ्हायली.” मग कुडाच्या भिंतीपलीकडे गेली आणि थोड्या वेळाने सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. मलाही दिला. मी प्यालो.

त्या दिवशी मंडळीने मधला मार्ग काढला. जुना माग खोटा आहे असं ज्यांना मनात माहीत होतं त्यांना तो सांगववत नव्हता, आणि खरा सांगायची तयारी नव्हती. म्हणून ठरलं की धुक्याच्या गाण्याला माग सांगायचाच नाही. बुवांच्या मंडळीत बाकी सगळ्या गाण्यांना माग आहे. हे एकच गाणं थेट ढोलकीवर सुरू होतं. नव्या पोरांना वाटतं तशीच पद्धत आहे.

वैनी त्यानंतर सहा-सात वर्षं जगली. मी दर गणपतीत वर जायचो. रेकॉर्ड तिने बुवांच्या मफलरीत गुंडाळून ट्रंकेत ठेवली होती. वाजवायला यंत्र नव्हतं आणि तिने कधी मागितलंही नाही. एकदाच तिने ती काढून माझ्या हातात दिली आणि मधल्या गोल कागदावर काय लिहिलंय ते वाच म्हणाली. मी वाचलं. बुवांचं नाव, गुरूचं नाव, गावाचं नाव.

“आनि?”

“आणखी काही नाही, वैनी.”

तिने ती परत घेतली, मफलर नीट गुंडाळली आणि ट्रंकेत तळाशी, लुगड्यांच्या खाली ठेवली. वर लुगडी रचताना ती काहीतरी गुणगुणत होती. मी कान दिला, पण मला ओळखीचं वाटलं नाही. नवं असावं. मी विचारलं, “हे कुठलं, वैनी?”

ती गप्प झाली. म्हणाली, “काय नाय,” आणि ट्रंकेचं झाकण लावलं.